अख्खी चाळ डोंगरावर!

अहो, तुमच्या कानावर आलं की नाही? आमच्या गिरगावात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग आखडलीय. थट्टा नाही करत. दुकानदार स्वतः सांगत होता, "वहिनी, निम्मी गिऱ्हाइकं हल्ली डोंगरात जातात. संध्याकाळी लंगडत येतात आणि मटणाऐवजी पाये मागतात, सूप करायला!"

रविवार म्हणजे कसं, उशिरा उठायचं, दाराशी पेपर पसरायचा, मटण शिजेपर्यंत गॅलरीत उभं राहून सगळ्या मजल्यांची खबर घ्यायची आणि दुपारी पंखा पाचावर ठेवून ताणून द्यायची. चार पिढ्यांनी जपलेला हा वारसा. तो बुडवला कोणी? महागाईनं नाही, मॉलनं नाही, टीव्हीनं तर नाहीच नाही. बुडवला तो 'फॅमिली ट्रेक'नं.

माझं माहेर लालबागचं, सासर गिरगावचं आणि नणंद दिलीय दादरला. त्यामुळे तिन्हीकडच्या बातम्या मला घरबसल्या मिळतात, आणि मिळालेली बातमी आपल्यापाशीच ठेवावी असा माझा स्वभाव नाही.

आमच्या चाळीत पहिली लागण झाली ती दुसऱ्या माळ्यावरच्या काकांना. डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून 'रोज चाला' म्हणून सांगितलं. माणसानं चौपाटीपर्यंत चालावं, भेळ न खाता परत यावं. हे गेले थेट कर्नाळ्याला! परत आले ते आठवडाभर जिन्यात भेटेल त्याला अडवून मोबाईलवरचे फोटो दाखवत होते. पुढच्या खेपेला काकू गेल्या. मग मुलगा-सून, मग पाच वर्षांचा नातू, मग समोरच्या खोलीतलं बिऱ्हाड, आणि शेवटी खुद्द कमिटीचे सेक्रेटरी. आता आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'शुभ सकाळ' आणि गुलाबाचं फूल येईनासं झालंय. येतं काय, तर 'रिपोर्टिंग टाइम पहाटे ४.४५. उशीर करणाऱ्यांसाठी थांबणार नाही.' ज्या माणसाला गेल्या तीस वर्षांत गणपतीच्या आरतीला वेळेवर आलेलं कोणी पाहिलं नाही, त्याचा हा मेसेज!

गॅलरीतल्या दोऱ्यांवर पूर्वी साड्या, परकर, बनियन वाळायचे. आता वाळतात गुडघ्यातून सुटणाऱ्या पँटी. गुडघ्याशी चेन असते. खालचा भाग काढला की हाफ पँट. सेक्रेटरी त्या निम्म्या अवस्थेत पाणी भरायला आले तेव्हा तिसऱ्या माळ्यावरच्या आजींनी खिडकी लावून घेतली. नोटीस बोर्डावर पाटी झळकली : 'सार्वजनिक नळावर चिखलाचे बूट धुऊ नयेत. मोरी तुंबते.' खाली सही सेक्रेटरींचीच. सगळ्यात चिखलाचे बूट कोणाचे, ते मी सांगणार नाही. गुडघ्याला चेन आहे, एवढंच सांगते.

आणि सामान काय एकेक! पाठीवर पिशवी, पिशवीतून नळी, नळी तोंडात. चालता चालता पाणी ओढायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी काळजीनं विचारलं, "काय हो, कधीपासून त्रास आहे?" काठी आली, तीही दुर्बिणीगत उघडणारी, आणि किंमत ऐकली तर आमच्या आजेसासऱ्यांनी शिसवी काठी कपाळावर मारून घेतली असती. एनर्जी बार नावाची वडी आली. वेष्टणावर वाचलं : शेंगदाणे, गूळ, खजूर. म्हणजे चिक्कीच की! लोणावळ्याला तीच पाव किलोच्या डब्यात मिळते, इथे एका वडीला तेवढे पैसे. जुने डोंगरवाले सांगतात, सह्याद्रीला ॲक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंगचे बूट बरे. स्वस्त, दिसायला ओबडधोबड, पण कातळावर घट्ट. छे, नव्या भाविकांना ते कसे चालतील? फोटोत बुटावरचं नाव दिसायला नको?

आता लालबागची हकिगत ऐका. तिथे कुठलीही गोष्ट एकट्यादुकट्यानं करायची पद्धतच नाही. माझा भाऊ ट्रेकला जातो म्हणजे मंडळ ट्रेकला जातं. वर्गणी काढतात, खजिनदार नेमतात, टी-शर्ट छापून घेतात आणि मग डोंगर कुठला ते ठरवतात. बसच्या चाकाखाली नारळ. चिवडा गल्लीतला चिवडा किलोच्या हिशेबानं, आणि तो पनवेल यायच्या आत संपलेला. पायथ्याशी पोचल्यावर छत्रपतींचा जयजयकार अशा आवाजात की झाडावरची पाखरं उठून पलीकडच्या तालुक्यात जातात. कालपर्यंत मंडपाचे बांबू बांधणारा पोरगा आज 'लीडर' असतो, शिट्टी गळ्यात. आई विचारते, "अरे, याला वाट माहीत आहे ना?" "आई, गुगल मॅप आहे ना!" खिंडीत रेंज गेली की मग लीडर गुराख्याला 'दादा' म्हणायला लागतो.

पण एक सांगते. हीच पोरं पाऊस सरल्यावर परवानगी काढून, घमेली-फावडी घेऊन गडावरच्या टाक्यांतला गाळ उपसायला जातात. खडकात खोदलेली ती टाकी माती, पालापाचोळा आणि आपल्यासारख्यांनी टाकलेल्या बाटल्यांनी बुजून गेलेली असतात. दिवसभर कंबरभर चिखलात उभं राहून ती मोकळी करणाऱ्या भावाला मी काय बोलणार? त्या दिवशी मी तोंड बंद ठेवते. माझ्यासारखीला ते किती जड जातं, तुम्ही समजू शकता.

दादरची तऱ्हा निराळी. तिथे डोंगर चढण्याआधी त्याचा अभ्यास करतात. नणंदेच्या घरी टीपॉयवर प्र. के. घाणेकरांची पुस्तकं, गोनीदांची 'दुर्गभ्रमणगाथा', शेजारी पक्ष्यांचं सचित्र पुस्तक. नंदोई पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ घालून शिवाजी पार्कला फेऱ्या मारतात, सरावासाठी. कट्ट्यावरची म्हातारी मंडळी विचारतात, "काय हो, रेशनचं दुकान लांब गेलं का?" आठ वर्षांची भाची मला म्हणते, "मामी, तो कावळा नाही, कोतवाल आहे. शेपटी बघ, दुभंगलेली." मी जन्मभर ज्याला बारका कावळा समजत आले, त्याला हुद्दा होता हे मला दादरला कळलं.

खरं सांगायचं तर हे खूळ नवीन मुळीच नाही. मुंबईत 'गिरिविहार' ही गिर्यारोहणाची संस्था १९५४ सालची. तेव्हापासून प्रत्येक चाळीत एखादा तरी वेडा असायचाच. शनिवारी रात्री सॅक नाहीतर गोणपाटाची वळकटी घेऊन शेवटची कसारा लोकल पकडायची, उरलेली रात्र फलाटावर काढायची आणि पहाटे डोंगराला भिडायचं. प्रस्तरारोहणाचा सराव मुंब्र्याच्या नाहीतर कान्हेरीच्या कातळावर. अशा मुलाला लग्नाच्या बाजारात किंमत नसे. 'मुलगा चांगला आहे हो, पण डोंगरात जातो,' असं दबक्या आवाजात सांगितलं जाई. आता काळ असा उलटलाय की स्थळाच्या माहितीपत्रकात 'आवड : ट्रेकिंग' असं लिहिलं नाही तर मुलगी विचारते, "तब्येत बरी नसते का त्याची?" पूर्वी तो एकटा वेडा सटकायचा, आता आई, बाप, आजी, दोन पोरं, डबा आणि डास पळवायचं मलम अशी सगळी वरात निघते. फरक एवढाच.

आता आम्ही गिरगावकर. आम्हाला डोंगर हवा, पण टॅक्सीनं दहा मिनिटांवर हवा, आणि परत येऊन साबुदाणा वडा संपायच्या आत खाता आला पाहिजे. महापालिकेनं ही गरज ओळखली. २०२५ च्या गुढीपाडव्याच्या सुमाराला मलबार हिलवर, कमला नेहरू उद्यानाजवळ, झाडांच्या उंचीवरून जाणारा लाकडी निसर्ग मार्ग खुला झाला. लांबी ४८५ मीटर, रुंदी २.४ मीटर. सिंगापूरच्या धर्तीवर म्हणतात. तिकीट २५ रुपये, ऑनलाइन काढायचं. एका ठिकाणी पायाखाली काच आहे. खाली झाडी, समोर गिरगाव चौपाटी. आमच्या तळमजल्यावरच्या मंडळींनी ते ४८५ मीटर चालून, उद्यानातल्या म्हातारीच्या बुटाशी फोटो काढून 'ट्रेक कम्प्लीट' असं स्टेटस ठेवलं. लालबागच्या भावानं त्यावर हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची माळ लावली. तेव्हापासून त्या घराशी आमचं बोलणं बंद आहे.

पण तीन वर्षांचं पोर आणि गुडघे बदललेली आजी या दोघांना एकाच वेळी झेपेल अशी रानवाट दक्षिण मुंबईत दुसरी दाखवा बघू! जरा उत्तरेला सरकलात तर आहे एक. धारावी-माहीमच्या सीमेवर, मिठी नदीच्या काठी, महाराष्ट्र निसर्ग उद्यान. एके काळी तिथे शहराचा कचरा टाकत. त्यावर माती घालून, झाडं लावून १९९४ मध्ये उद्यान खुलं झालं. आज त्या सावलीत उभं राहिलं तर पायाखाली उकिरडा आहे हे सांगूनही पटत नाही. दादरहून जायला किती वेळ लागतो? पण नाही. जवळ आहे, सपाट आहे, त्याला 'ट्रेक' म्हणता येत नाही. मग स्टेटसला काय ठेवणार?

खरं लफडं मात्र मी अजून सांगितलंच नाही. जरा जवळ या.

लालबाग-परळमधलं कुठलंही घर घ्या, त्याला गाव असतं. संगमेश्वर, राजापूर, देवगड, चिपळूण, नाहीतर घाटावरचं पाटण. शिमग्याला आणि गणपतीला मंडळी गावाला जातात. घरामागे सडा, सड्याच्या कडेला देवराई, खाली वहाळ, पलीकडे डोंगर. आणि तिथे ही मंडळी करतात काय? खालच्या वाडीत आत्याकडे जायचं तर 'रिक्षा बोलव'. सड्यावरच्या देवळात नारळ ठेवायचा तर 'ऊन उतरू दे'. वहाळावर चल म्हटलं तर 'जळवा असतील'. आठ दिवस ओटीवर लोळून, मोबाईलला रेंज नाही म्हणून गावाला शिव्या घालून परत येतात. आणि मुंबईत पाऊल ठेवल्याबरोबर माणशी हजार-बाराशे भरून, झोपमोड करून, दुसऱ्याच कोणाच्या तरी गावचा डोंगर चढायला धावतात! तिथल्या मावशींनी चुलीवरची पिठलं-भाकरी वाढली की डोळ्यांत पाणी : "काय चव आहे! अगदी ऑथेंटिक!" तीच भाकरी गावाला काकीनं वाढली होती तेव्हा विचारलं होतं, "चपाती नाही का ग?" तिथे जळवा नसतात का? असतात. पण त्या पॅकेजमधल्या असतात.

माझे वडील गिरणीत होते. संगमेश्वराकडून आले, डोंगर उतरून शाळेत जायचे आणि डोंगर चढून घरी यायचे. भावानं त्यांना विचारलं, "बाबा, येताय का ट्रेकला?" बाबा पेपर खाली न ठेवता म्हणाले, "मी पैसे मिळवायला डोंगर सोडून मुंबईला आलो. तू मिळवलेले पैसे भरून डोंगरावर चाललायस. हिशेब चुकता झाला, जा."

आई मात्र गेली. कर्नाळ्याला. रबरी चपला घालून, पदर खोचून ती लीडरच्या पुढे, आणि नळीवाले सगळे मागे धापा टाकतायत. मध्येच थांबली ती दमून नाही. वाटेच्या कडेला कोवळा टाकळा दिसला म्हणून. लगेच पिशवी काढली. लीडर धावत आला, "आजी, हे अभयारण्य आहे, इथे काही तोडायचं नसतं." आई त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे, टाकळ्याला कधीपासून अभय दिलं?"

कर्नाळ्याचं नाव निघालंच आहे तर त्याला माझे गुण द्यावेच लागतील. पनवेलच्या पुढे, मुंबई-गोवा महामार्गाला लागून हे पक्षी अभयारण्य. गेटवर तुमच्याकडच्या प्लास्टिकची नोंद करून अनामत ठेवून घेतात. परत येताना तेवढंच दाखवलं की पैसे परत. दुसऱ्या माळ्यावरच्या काकूंनी जन्मात पहिल्यांदा वेफर्सचं रिकामं पाकीट घडी घालून पर्समध्ये जपलं ते इथे. खालच्या जंगलातल्या वाटा पोरांना सहज झेपतात. ज्यांच्या पायांत दम आहे त्यांनी वर किल्ल्यावर जावं. माथ्यावरचा तो अंगठ्यासारखा सुळका हायवेवरून आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. त्याला मधमाश्यांची मोहळं असतात, तेव्हा तिथे आरोळ्या, फटाके, शेकोट्या काही चालत नाही. लालबागच्या मंडळाला गप्प बसवण्याची ताकद मी आजवर फक्त या मधमाश्यांत पाहिली. आणि हो, पायथ्याजवळचं शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. त्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते. मुलांना चढ लागला की ही गोष्ट सुरू करावी.

पण खरी मजा लांब जायच्या आधीच आहे, आणि तीच कोणी घेत नाही. मुंबईकराचं तलावाशी नातं काय? जुलैत पेपरात येणारी चौकट. भातसा इतके टक्के, तानसा इतके टक्के, मोडकसागर भरला, तुळशी ओसंडला. सात तलावांची नावं आपण शाळेतल्या पाढ्यासारखी घडाघडा म्हणतो, पण पाहिलाय कितींनी त्यातला एक तरी? विहार आणि तुळशी हे दोन तर इथेच, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात. विहारचं पाणी १८६० मध्ये नळानं शहरात आलं, तुळशी १८७९ चा. तलाव पिण्याच्या पाण्याचे असल्यामुळे काठावर वाटेल तसं हिंडू देत नाहीत, आणि ते बरंच आहे. नाहीतर एव्हाना तिथे आमची चाळ बूट धुवायला बसली असती.

त्याच जंगलात कान्हेरी. शंभरावर लेणी, आणि गेटपासून वरपर्यंत उद्यानाची बस. माझ्या मते मुंबईतल्या मुलाबाळांच्या घरासाठी यापरता डोंगर नाही. कातळात कोरलेल्या पायऱ्या, एका लेण्यातून दुसऱ्यात जायची लपाछपी, चैत्याच्या दाराशी उभे दोन प्रचंड बुद्ध. पोरं विचारतात, इथे कोण राहायचं? भिक्खू राहायचे, पावसाळ्यात एका जागी थांबण्याचा त्यांचा नियम होता म्हणून. आणि आता तो भाग ऐका, ज्यानं आमच्या चाळीतल्या बायकांना अक्षरशः घाम फुटला. लेण्यालेण्यापाशी खडकात खोदलेली पाण्याची पोढी आहे, आणि पावसाचं पाणी पन्हाळीतून त्यात येईल अशी सोय! आम्ही पहाटे पावणेपाचला उठून हंडे लावतो आणि दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूच्या दाराशी बारमाही पाणी. तिसऱ्या माळ्यावरच्या आजी पोढीत डोकावून एवढंच म्हणाल्या, "यांची कमिटी चांगली असणार."

याच उद्यानात शिलोंडा नावाची ओढ्याकाठची वाट आहे. तिथे आधी परवानगी काढून, माहीतगार सोबत घेऊन जावं लागतं. फुलपाखरं, कोळी, खेकडे, दगडाखालचे बेडूक. पाच वर्षांचं पोर तिथे शंभर पावलांना तासभर लावतं, आणि लावू द्यावा. बिबटेही नांदतात या जंगलात. म्हणून अंधार पडायच्या आत बाहेर. साधारण सात-आठ वर्षांनी एकदा कारवी फुलते तेव्हा उतार जांभळे होतात. इथे २०१६ मध्ये फुलली होती. दुसऱ्या माळ्यावरच्या काकूंनी पुढच्या बहरासाठी मॅचिंग साडी आत्ताच घेऊन ठेवलीय.

माथेरानबद्दल मी काय सांगायचं? १८५० मध्ये ठाण्याच्या कलेक्टर मॅलेट साहेबानं ते हवा खायला शोधलं म्हणतात. धनगर-ठाकर तिथे आधीपासून होतेच, पण त्यांनी स्टेटस ठेवलं नव्हतं. दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या गाड्या जात नाहीत, त्यामुळे पोराचा हात सोडून चालता येतं, हीच मुळात चैन. तांबड्या मातीच्या सपाट वाटा, डोक्यावर झाडी, शार्लट तलाव, मग एकदम एखादा पॉइंट आणि खाली दरी. नेरळहून येणारी १९०७ ची छोटी गाडी पावसाळ्यात बंद असते. अमन लॉजपासून वरची फेरी तेवढी चालते. ट्रेक म्हणवत नाही म्हणून आमच्या मंडळींना माथेरान हल्ली कमीपणाचं वाटतं. वाटू दे. माकडांना तेवढीच विश्रांती.

कमीपणाचं का वाटतं? कारण सगळ्यांना 'इझी' पाहिजे आणि नाव मोठं पाहिजे. जाहिरातीत लिहिलेलं असतं : 'इझी टू मीडियम, सहकुटुंब'. तो 'टू' फार फसवा. कळसूबाई घ्या. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. लोखंडी शिड्या आहेत, नवरात्रात गावोगावचे भाविक चढतात, म्हणून मंडळींना वाटतं जिनाच आहे. मग चार वर्षांच्या पोराला पहाटे दोनला उठवून बारी गावात उतरवायचं, निम्म्या वाटेवर ते झोपणार, उरलेली वाट बापाच्या खांद्यावर. वर पोचल्यावर त्याला जागं करून हातात झेंडा द्यायचा, फोटो काढायचा आणि पेपरात पाठवायचा : 'चिमुकल्यानं कळसूबाई सर केलं'. सर केलं ते बापाच्या मणक्यानं. त्याचा फोटो कोणी छापत नाही! पाहायचंच असेल तर त्याच मुलखात भंडारदऱ्याचा तलाव आहे, पावसाआधी काजव्यांनी लखलखणारी झाडं आहेत. मुलाला काजवे जास्त आठवतील. फक्त गाडीचे दिवे आणि मोबाईलचे टॉर्च त्यांच्यावर मारू नका. काजवे तुमचा उजेड बघायला आलेले नसतात.

आणि लोहगड! मळवली स्टेशनपासून चालत जाता येणारा, बांधीव पायऱ्यांचा, एकामागून एक दरवाजे ओलांडत चढायचा, वरून पवनेचा जलाशय आणि दरीत घुसलेली विंचूकाट्याची सोंड दाखवणारा. मुलांना घेऊन जाण्यासारखे किल्ले निवडायला सांगितले तर पहिल्या तिनात येईल. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात हाही आहे. पण पावसाळ्यातल्या रविवारी तिथे जे होतं त्याला काय म्हणावं? २०२३ च्या पावसाळ्यात माणसं त्या पायऱ्यांवर तासन्‌तास अडकून पडली होती. वरचे खाली येईनात, खालचे वर जाईनात. माझा भाऊ अशाच एका रविवारी तिथे कांदाभजीच्या वासात दोन तास उभा राहून आला. म्हणाला, "आपली नवसाची रांग बरी ग. निदान शेवटी दर्शन होतं."

इथे मात्र मी पदर खोचून, चेष्टा बाजूला ठेवून बोलते. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली; त्यात मुलं होती. पाणी अचानक वाढतं, कारण पाऊस आपल्या डोक्यावर नाही, वरच्या डोंगरावर कोसळत असतो. ओल्या कातळावरचं शेवाळ बुटाचं नाव वाचत नाही. जिल्हाधिकारी पावसाळ्यात धबधब्यांवर आणि गडांवर बंदीचे हुकूम काढतात तेव्हा 'आपल्याला कोण अडवतंय' म्हणणाऱ्या पुरुषाला त्याच्या बायकोनं घरी बसवावं, आणि बायको म्हणत असेल तर सासूनं. राज्य सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांनी नोंदणी करायची आहे. तेव्हा हजार-बाराशे भरण्याआधी विचारा : नोंदणी आहे का, माणसं किती, त्यांच्यामागे लीडर किती, प्रथमोपचाराची पेटी कोणाच्या पाठीवर? भाजीवालीला कोथिंबिरीच्या जुडीवरून धारेवर धरणाऱ्या बायका आपण. इथेच का गप्प बसतो?

बाकी मला विचाराल तर खूळ वाईट नाही. काकांची साखर उतरली, सेक्रेटरी खाली बघून चालायला शिकले, भाचीला कोतवाल कळला. मटणवाल्याचं तेवढं नुकसान, पण पाये खपतात.

तर तुम्ही असं करा. लोहगड पावसात पाहायचाच तर मधल्या वारी पाहा, मुलांची शाळा एक दिवस बुडाली तरी चालेल. बूट जुने घाला, डबा घरचा न्या, रिकामी पाकिटं परत आणा. गावाला गेलात की सड्यावर एकदा चढा, फुकट आहे. आणि पहिल्यांदाच निघत असाल तर कान्हेरीला जा. फक्त सोमवार सोडून. सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असतं.